पाटाएवढं झाकण

आमच्या मोटारीच्या डोक्यावर एक झाकण होतं. म्हणजे अजून आहे, पण सध्या लढाईमुळं पेट्रोल मिळत नाही म्हणून मोटार मांडवात उभी असते आणि मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. परवा सीटला ऊन लागावं म्हणून मोटार अंगणात ढकलून आम्ही ते झाकण उघडलं, तर कडेच्या पन्हळीत मेणाचा एक बारका तुकडा अजून चिकटलेला. तो बघितला आणि मला सगळं आठवलं, आणि आता ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. घरात सांगून उपयोग नाही, घरातले सगळे तेव्हा तिथंच होते.

लग्न होऊन मी कल्याणहून शहापूरच्या पुढं, या गावात आले तेव्हा मोटार माझ्याआधी घरात आलेली होती. सासूबाई म्हणायच्या, "आधी ती आली, मंग तू. म्हणून ती तुझी मोठी जाव." आमचे हे तिच्यातून माणसं न्यायचे. आसनगाव स्टेशनवर उतरलेली माणसं शहापूरला, आणि कुणी मिळालंच तर पुढं शेणव्यापर्यंत. आधी ती एका जंगलाच्या ठेकेदाराची होती. तो म्हणे त्या झाकणातून वर उभा राहून सागाची झाडं मोजायचा. खरं-खोटं मला माहीत नाही, पण झाकणाचा तसा उपयोग होत असणार, कारण ते बरोबर मागच्या सीटच्या वर होतं. आतून चार खिट्ट्या फिरवायच्या आणि दोघांनी दोन बाजूंनी उचलायचं. लाकडाची चौकट, तिच्यावर ताणून बसवलेलं जाड काळं कापड. उचललं की वर नुसतं आभाळ. उन्हाळ्यात संध्याकाळी ह्यांनी मला त्यात बसवून खडवलीच्या रस्त्यानं फिरवून आणलं होतं, आणि मला वाटलं होतं की आपल्यासारखं नशीबवान कुणी नाही.

मग पावसाळा आला आणि ते झाकण गळायला लागलं.

थोडंथोडकं नाही. मागच्या डाव्या कोपऱ्यातून धारच लागायची. एकदा शेणव्याच्या एक मावशी मागं बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, "रे डायवर, छत्री उघडू काय आत?"

"उघडा की मावशी. फक्त काडी माझ्या मानेत नको."

"आन माझी मान? ती भिजली ती?"

"तुमची मान पुसायला मी फडकं देतो."

"फडकं तुझ्या मोटारीला दे. रडतेय बघ बिचारी."

घरी येऊन हे असलं सगळं हसत हसत सांगायचे. जेवताना मीही हसायचे. मामंजी हसायचे नाहीत. मामंजी म्हणजे माझे सासरे. मोटार आणल्यापासून ते तिच्यात बसले नव्हते. रागावलेले होते असं नाही, पण शेतातून येताना तिच्याजवळून असे जायचे, जसं दुसऱ्याच्या बैलाजवळून जातो आपण.

आता गणपतीचं सांगते, म्हणजे गळतीचं एवढं काय ते कळेल.

मामंजींचं मूळ गाव इथलं नाही, मुरबाडकडचं, सिद्धगडाच्या पायथ्याचं. इकडं जमीन मिळाली तेव्हा त्यांचे वडील इकडं आले. पण गणपती मात्र कायम मुरबाडच्याच एका मूर्तिकाराकडून यायचा. आषाढात आपला पाट आणि सुपारी त्याच्याकडं नेऊन द्यायची, त्याच पाटावर तो मूर्ती घडवणार, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती आणायची. मूर्ती मातीची, भाजलेली नाही. पाणी लागलं की विरघळणार. म्हणून मामंजी ती डोक्यावर घेऊन, वरून पळसाच्या पानांचं इरलं धरून, पायी आणायचे. वाटेत एका नातलगाकडं मुक्काम. दरसाल हेच. दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर त्यांनी ती कधी दिली नाही, ह्यांच्यासुद्धा नाही.

त्या वर्षी आषाढात ते पाट पोचवून आले, आणि लावणीच्या दिवसांत बांधावरून घसरले. गुडघा एवढा सुजला की ओटीवरून अंगणात यायचं तर काठी लागायची. सासूबाई रोज तेल गरम करून चोळायच्या. श्रावण लागला तेव्हा एकदा मामंजी म्हणाले, "या साली सुपारी पुजू. देव काय, सुपारीत पण असतो."

सासूबाई तेल चोळायच्या थांबल्या. मला तेव्हा त्या घरात येऊन फार दिवस झाले नव्हते, पण मलाही कळलं की हे काहीतरी वाईट झालंय. ह्यांनी म्हटलं, "बाबा, मी आणतो ना."

"कसा आणशील?"

"डोक्यावर."

"तुला चार पावलं घागर नेता येत नाय."

ते खरं होतं. मग हे म्हणाले, "मंग मोटारीतनं आणतो. तुमी मागं बसा, पाट धरून. तुमीच आणलात असं होईल."

मामंजींनी मोटारीकडं बघितलं. बाहेर पाऊस होता आणि मोटारीच्या आतून ठिबकल्याचा आवाज ओटीपर्यंत येत होता. ते म्हणाले, "तिला आधी तिचं डोकं झाकू दे. मंग देवाला झाकंल."

पण ते नाही म्हणाले नाहीत. ह्यांनी ते बरोबर पकडलं. त्या संध्याकाळी मला म्हणाले, "ऐकलंस का, बाबा नाय म्हणाले नायत." मी म्हटलं, मी तिथंच होते.

आता झाकण कायमचं डांबर लावून बंद करून टाकायचं, एवढं सोपं होतं. पण गणपतीचा पाट दारातून आत जातो का ते आधी बघायला हवं होतं, आणि घरात त्याच मापाचा दुसरा पाट होता. एका फणसाच्या लाकडाचे दोन पाट केले होते, एक मूर्तिकाराकडं जायचा आणि एक घरात राहायचा. तो आणून आम्ही दाराशी धरला. आडवा जाईना. तिरपा केला तर जात होता, पण पाटावर गणपती बसलेला असताना तिरपा कसा करणार? मग झाकण काढून वरून सोडला, तर सुरेख गेला. दोन्ही बाजूंना बोट मावेल एवढी जागा राहिली. जणू त्या ठेकेदारानं आमचा पाट मोजून झाकण केलं होतं. म्हणजे झाकण उघडायलाही हवं आणि मिटल्यावर गळायलाही नको.

गावात ज्यानं त्यानं उपाय सांगितले. छपराला करतात ते सगळे. कुणी म्हणालं वर पेंढा घाला. कुणी म्हणालं आतून शेणानं सारवा. ह्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून झाकणाखाली लावल्या, तरी गळलं. कापडाला तेल पाजलं, तरी गळलं. वर सगळं तेलकट झालं आणि शहापूरच्या एका मास्तरांच्या पांढऱ्या टोपीला त्याचा डाग पडला तो निराळाच.

मग एके दिवशी हे ओरडत मागीलदारी आले. मी भांडी घासत होते, तशीच राखेच्या हातांनी धावले. झाकण काढून बाजूला ठेवलेलं होतं. ज्या खाचेत ते बसायचं तिच्या चारी बाजूंनी एक पन्हळ होती, आणि पन्हळीच्या चारी कोपऱ्यांत एकेक भोक. करंगळी जाईल एवढं.

हे म्हणाले, "बघ. भोकं आहेत. म्हणून गळतंय."

मला एवढा आनंद झाला. चोर सापडल्यासारखं वाटलं. मी लगेच मेण आणि राळ वितळवली, ह्यांनी गोळ्या केल्या, मी बोटानं दाबून चारी भोकं गच्च बुजवली. वर झाकण बसवलं. सासूबाईंनी ओट्यावर उभं राहून वरून कळशी ओतली. आत एक थेंब नाही. सासूबाईंनी रिकामी कळशी आतून हात फिरवून पुसतात तसा मोटारीचा आतला माथा हातानं चाचपला आणि म्हणाल्या, "कोरडी गो, ठणठणीत." ह्यांनी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मामंजी म्हणाले, "कळशी म्हणजे पाऊस नाय."

त्यांनी पोळ्याला भाताच्या खाचराच्या मातीचा बैल केला होता, चुलीवर सुकवलेला. तो त्यांनी घरातल्या पाटावर ठेवला. म्हणाले, हा घेऊन मी मागं बसतो, तू शेणव्यापर्यंत ने आन परत आण. पाऊस असतानाच. बैल राहिला तर देव आणू.

म्हणजे बघा, मामंजी पहिल्यांदा मोटारीत बसले ते एका मातीच्या बैलाला घेऊन. काठी ह्यांच्याकडं दिली, पाट मांडीवर घेतला, आणि गाडी गेली. मी आणि सासूबाई दारात उभ्या. पाऊस चांगलाच होता. सासूबाई म्हणाल्या, "तुझा सासरा लग्नातबी एवढा ताठ बसला नव्हता."

गाडी परत आली तेव्हा आम्हाला आधी काही कळलंच नाही. मग मामंजी उतरले. डोक्यापासून गळत होते. पाटावर बैल नव्हता. पाटावर चिखल होता आणि चिखलात दोन शिंगं. जाताना एक थेंब आला नव्हता म्हणे. पन्हळ भरत गेली, भरत गेली, आणि परत येताना उतारावर ह्यांनी ब्रेक मारला तेव्हा सगळं साठलेलं पाणी एकदम पुढच्या काठावरून आत. धार नाही, घागर उपडी केल्यासारखं.

मामंजींनी पाट धुवायला माझ्याकडं दिला. शिंगं काढून तुळशीत ठेवली. सासूबाईंना म्हणाले, "चांगली सुपारी बघून ठेव. किडकी नको."

हे मांडवात जाऊन मोटारीच्या फूटबोर्डवर बसले ते जेवायलाही आले नाहीत. मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, "त्यांनी पहिल्यांदा माझ्यावर विश्वास टाकला होता गं." मी भाकरीवर ठेचा जरा जास्त वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींना खाचरांकडं जायचं होतं, पाणी किती चढलंय बघायला. गुडघ्यानं जाता येईना. तेव्हा शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं, "आमच्या खालच्या खाचराचं तोंड बघून ये रे, गवत अडकलं असंल तर काढ." आणि हे सांगून काठी टेकत ते मांडवात मोटारीपाशी गेले. मी तिथंच मागची ओली सीट फडक्यानं पुसत होते. मला म्हणाले, "सूनबाई, ते झाकण काढा तुमी दोघं. आन तांब्याभर पाणी आण."

हे आले. झाकण काढलं. मामंजींनी फूटबोर्डवर एक पाय ठेवून, टपाला धरून, पन्हळीत तांब्यातून अगदी हळू पाणी सोडलं. पाणी पन्हळीतून पळत कोपऱ्यापर्यंत गेलं आणि तिथं थबकलं. दुसरीकडं सोडलं, तिथंही तसंच. मग ह्यांना म्हणाले, "ही काय हाय रे?"

"पन्हळ."

"पन्हळ कशाला ठेवतात?"

"पाणी वाहून न्यायला."

"मंग कुठं नेऊ त्याला? तू तर चारी टोकं बुजवलीस."

"बाबा, तिथनंच आत येत होतं ना पाणी."

"आत आलेलं तू बघितलंस? भोकातनं?"

ह्यांनी बुजवलेल्या भोकावरून बोट फिरवलं.

"खाचराच्या बांधाला आपण तोंड कशाला ठेवतो?"

"जास्तीचं पाणी जायला."

"तोंड लिपलं तर?"

"बांध फुटंल."

"कुठं फुटंल?"

"सखल असंल तिथं."

"काल सखल जागेवर मी बसलो होतो," मामंजी म्हणाले.

मी पदर तोंडात धरला, पण सासूबाई दारातून मोठ्यानं हसल्या, मग हे हसले, आणि शेवटी मामंजींच्या मिशीतही जरा हललं. पाणी येणारच, ते म्हणत होते. पाणी अडवायचं नाही, त्याला वाट द्यायची. आयुष्यभर खाचरात हेच करणारी माणसं आम्ही, आणि मोटार म्हटल्यावर आमची अक्कल छपरापाशीच अडकली होती.

मेण उकरून काढलं. परत पाणी सोडलं. तीन कोपऱ्यांतून ते गेलं आणि खाली चाकांपाशी बारक्या नळ्यांतून बाहेर पडलं. आम्हाला तोपर्यंत त्या नळ्या आहेत हेच माहीत नव्हतं, त्या दारांच्या खांबांतून आतल्या आत खाली गेल्या होत्या. चौथ्या कोपऱ्यातून मात्र काही जाईना. मागचा डावा, म्हणजे जिथून मूळची धार लागायची तोच. मी खराट्याची एक लांब काडी आणली, ह्यांनी ती खालून नळीत घातली, फिरवली, आणि वाळलेल्या मातीचे गोळे पडायला लागले. कुंभारीण माशीचं घर. उन्हाळ्यात गाडी मांडवात असताना तिनं आमच्या नळीत संसार थाटला होता. शेवटचा गोळा निघाला आणि पाणी भसकन चाकावर पडलं.

सासूबाई म्हणाल्या, "मुतली बाई एकदाची."

"अगो, सून उभी हाय," मामंजी म्हणाले.

"सुनेनंच काडी दिली."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही मुरबाडला निघालो. मी पण. बायकांनी गणपती आणायला जायची आमच्याकडं रीत नव्हती, पण सासूबाईंनीच काढलं, "तिला घेऊन जा. त्या नळ्यांवर कुणीतरी नजर ठेवायला हवी, तुमी दोघं देवाकडं बघत बसाल." मी ती खराट्याची काडी अंबाड्यात खोचली. वाटेत मला दोनदा टोचली.

मूर्तिकार म्हातारा होता. मोटार बघून तो मामंजींना म्हणाला, "इतकी वर्षं देवाला डोक्यावर नेलास, आता चाकावर काय?"

"गुडघा त्यानंच घेतला. सोय त्यानंच केली."

गणपती हातभर उंच, पाटावर बसलेला, तोंडावरून रुमाल टाकलेला. झाकण काढलं. मूर्तिकार आणि त्याचा मुलगा दोन्ही फूटबोर्डांवर उभे राहिले, हे आत, आणि पाट वरून सरळ खाली आला, कडेला कुठं न लागता. पेंढ्याच्या गादीवर मधोमध बसला. उजवीकडं मामंजी, डावीकडं मी. झाकण लावलं, खिट्ट्या फिरवल्या. मुरबाड सुटायच्या आतच पाऊस सुरू झाला.

मामंजींनी देवाकडं वळून उजवा हात वर केला आणि तळवा उताणा करून देवाच्या मुकुटावर धरला. थेंब आलाच तर आधी तिथं यावा म्हणून. तो हात त्यांनी खाली घेतलाच नाही. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून माझ्या बाजूच्या दोन्ही धारा बघत होते. पुढची चालू, मागची चालू. नदी ओलांडली. पुढची चालू, मागची चालू. मग चढावर पाऊस असा काही आला की समोरचं दिसेना, आणि बघते तर मागची धार बंद.

आता मोठी अडचण अशी की सासऱ्यांच्या देखत मी ह्यांना हाक कशी मारू? आणि मामंजींशी बोलावं तर ते डोळे मिटून बसलेले, ओठ हलताहेत. मी पुढच्या सीटच्या पाठीवर बांगड्या आपटल्या. घरी पाणी हवं का, जेवायला येताय का, सगळं मी असंच विचारायचे. ह्यांनी गाडी थांबवली.

"काय झालं?"

मी मामंजींना म्हटलं, "मामंजी, मागचं तोंड बुजलं."

त्यांनी डोळे उघडले. वर बघितलं. हात तसाच. "मंग उघड," म्हणाले.

वरून उघडायचं तर झाकण काढावं लागणार. म्हणजे खालून. ह्यांनी ब्रेकवरचा पाय काढला तर चढावर गाडी मागं जाणार, म्हणून ते उतरू शकत नव्हते. मी उतरले. नव्या लुगड्यानिशी त्या चिखलात चाकापाशी आडवी झाले, अंबाड्यातली काडी काढली आणि नळीत घातली. काही नाही. अजून आत घातली, फिरवली. एक गोळा हलला, आणि पन्हळीतलं सगळं पाणी, माशीच्या उरल्यासुरल्या मातीसकट, माझ्या तोंडावर आलं. मी इतकी खूश झाले होते की तोंड मिटायचंही राहिलं. त्या मातीची चव मला अजून सांगता येईल.

आत येऊन बसले तेव्हा माझ्या अंगातून ओहोळ वाहत होते, म्हणून मी दाराला चिकटून बसले. देवाला शिंतोडा नको.

मामंजी म्हणाले, "भिजलीस?"

"हो."

"बरं झालं. कुणीतरी भिजायलाच हवं होतं."

शहापूर गेलं, आमचा फाटा आला. घरी अंगणात माणसं इरली घेऊन उभी होती. त्यांनी मोटारीवर इरल्यांचं छप्पर धरलं, मग झाकण काढलं, आणि गणपती वरून बाहेर आला. सासूबाईंनी पाट धरणाऱ्यांच्या पायांवर दूध-पाणी घालून ओवाळायच्या आधी रुमालाचं टोक धरून बघितलं. कोरडं. मुकुटाचा सोनेरी रंग जसाच्या तसा.

सगळे गणपतीमागून आत गेले. मामंजी मोटारीतच. मी म्हटलं, मामंजी, गुडघा दुखतोय का, ह्यांना बोलावू का?

"गुडघा बरा हाय," ते म्हणाले. "हा हात खाली येईना."

खरंच येईना. तसाच वर, तळवा उताणा. ह्यांनी बाहेर येऊन एका हातानं त्यांना उतरवलं आणि दुसऱ्या हातानं तो हात खांद्यापासून हळूहळू खाली आणला. मामंजींनी तळवा आधी ह्यांच्या तोंडापुढं धरला, मग धोतराला पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

संध्याकाळी सासूबाईंनी नेहमीसारखं तेल गरम केलं आणि गुडघा पुढं करा म्हणाल्या. मामंजींनी खांदा पुढं केला.